सागरलक्ष्मी विमा कंपनीची प्रकृती

सागरलक्ष्मी मीठ विमा कंपनीची आर्थिक प्रकृती तपासायला मी गेलो तेव्हा ती ठणठणीत होती, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. पुढे जे झालं ते तपासणीमुळे झालं. तपासणी मी केली, एवढाच काय तो माझा त्यात हात.

मी इनॉक आपटेकर. पनवेलच्या बंदराकडच्या जकात नाक्यावर कारकून. गाडी आली की पोती मोजायची आणि पावती फाडायची, हे माझं काम. दोन गाड्यांच्या मध्ये मी मुंबईहून आलेलं वर्तमानपत्र वाचतो. पण नाक्यावरचं वर्तमानपत्र सगळ्यांचं असतं. पहिलं पान कुणीतरी उचललेलं असतं, सिनेमाच्या जाहिराती शिपायाकडे असतात, कोर्टातल्या खुनाच्या खटल्याची बातमी तर फाडूनच नेलेली असते. माझ्या वाट्याला राहतं ते व्यापाराचं पान. मला एकट्यानं गप्प वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचतो. "कापूस नरमला. ताग वधारला. विमा कंपन्यांत किंचित मागणी." असं चार-पाच वर्षं ऐकल्यावर गाडीवान मंडळींचा समज झाला की, हा माणूस ताग वधारवतो.

एका सकाळी बेलपाड्याचा काशिराम घरत बैलगाडी सोडून माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. काशिरामचं खाडीकाठी मिठागर. माणूस उभा राहिला तर नाक्यात उजेड कमी व्हायचा, पण बोलणं मऊ.

"इनॉकभाऊ, तुमाला कंपन्यांतलं समजतं. ही सागरलक्ष्मी बरी हाय का नाय, तेवढं सांगा."

सागरलक्ष्मी ही कंपनी फक्त मिठाचा विमा उतरवायची. मिठागरात मीठ जमत असताना अवकाळी पाऊस आला की, महिनोन् महिन्यांची मेहनत एका दुपारी परत पाण्यात जाते. तसं झालं तर भरपाई कंपनी देणार. बेलपाड्याच्या सगळ्या मिठागरवाल्यांनी पहिला हप्ता भरला होता. दुसरा आठवड्यानं भरायचा होता आणि कंपनी आतून पोकळ असल्याची कुजबुज तेवढ्यात सुरू झाली होती.

"वैशाखात माज्या पोरीचं, रंभीचं लगीन हाय," काशिराम म्हणाला. "पाऊस आला न् कंपनी पळाली, तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू? आमचा अख्खा गाव तुमच्या बोलन्यावर हाय."

या ठिकाणी शहाण्या माणसानं म्हणायचं असतं, "बाबा रे, मी नुसतं वाचतो." मी म्हणालो, "हं." तेसुद्धा डोळे बारीक करून. ते "हं" मला फार महागात पडलं.

घरी बायकोला, अबीगेलला, हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "डब्यातली साखर संपत आलीय हे तुम्हाला झाकण काढूनसुद्धा कळत नाही. कंपनीचं काय कळणार?"

शेजारी मात्र माझ्या योग्यतेबद्दल शंका घेत नाहीत. ते सरळ सल्ला देतात. शेजारचे महादेवराव प्रधान मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आपटेकर, कागद खोटं बोलतो, खुर्ची बोलत नाही. मॅनेजरची खुर्ची बघा. फाटकी असेल तर कंपनी भिकेला लागली समजा."

"आणि नवी असेल तर?"

"तर लोकांच्या पैशावर चैन चाललीय!"

समोरच्या गंगाबाई पापड लाटायच्या, आणि लाटताना गावातल्या बातम्याही तेवढ्याच पातळ करून चारी बाजूंना पसरायच्या. त्यांचं म्हणणं, "खुर्ची राहू द्या भाऊजी, चहा बघा. घरात धान्य आहे की नाही हे पाहुण्याच्या चहावरून कळतं."

अशा दोन्ही शास्त्रांत तयार होऊन मी कंपनीत गेलो. कंपनी भातगिरणीच्या माडीवर होती. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं, दौती, कॅलेंडरातली लक्ष्मी आणि मॅनेजर एकदमच थरथरायचे. मी मनात नोंद केली : कंपनी हादरलेली दिसते. मग गिरणी बंद पडली आणि कंपनी सावरली. मी तीही नोंद केली.

मॅनेजर कमळाकर टिपणीस पेणचे, गोल चष्म्याचे, आणि कमालीचे उत्साही. मी आधी त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. वेत फाटलेला होता, पण त्यावर कोरी करकरीत मखमली उशी होती. महादेवरावांच्या शास्त्रात याची सोय नव्हती. चहा आला. कपाला सोनेरी कड, पण चहा असा की तळाची नक्षी दिसत होती. गंगाबाईंचं शास्त्रही तिथेच बुडालं.

मी खाकरून म्हणालो, "ताळेबंद दाखवता?"

टिपणिसांचे डोळे भरून आले. "साहेब, एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता हो! लोक फक्त पैसे कधी मिळतील तेवढं विचारतात."

त्यांनी ताळेबंद पसरला. डाव्या बाजूला देणं, उजव्या बाजूला येणं आणि मालमत्ता. खाली दोन्हीकडच्या बेरजा पाहिल्या आणि मी दचकलो. त्या पैपर्यंत सारख्या होत्या! मी संसारी माणूस आहे. माझ्या घरात येणं आणि जाणं कधीही जुळलेलं नाही, जुळेल अशी आशाही आम्ही सोडली आहे. प्रामाणिक माणसाचा हिशेब असा तंतोतंत जुळतो कसा? मी तसं स्पष्ट विचारलं.

 टिपणीस अगदी हळुवारपणे म्हणाले, "जुळवावाच लागतो साहेब. तशी पद्धतच आहे."

"म्हणजे तुम्ही जुळवता?"

"हो."

"कबूल करता?"

एवढ्यात गिरणी सुरू झाली आणि त्यांचं उत्तर खाली भातात गेलं.

गिरणी थांबल्यावर मी मालमत्तेच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, "राखीव : मीठ." कंपनीनं आपली गंगाजळी बँकेत न ठेवता मिठात ठेवली होती, आणि ते मीठ बंदरावरच्या गोदामात होतं.

"आता गंमत बघा," टिपणीस खुर्चीच्या कडेवर आले. "अवकाळी पाऊस पडला की सगळ्यांचं मीठ जातं. मग मीठ काय होतं? महाग. आमचं मीठ छपराखाली कोरडं. त्याची किंमत दुप्पट. ते विकायचं आणि भरपाई द्यायची. पाऊस पडला तरी कंपनी मरत नाही, उलट पडला की ती बाळसं धरते!"

मला हे इतकं पटलं की मी उठून त्यांचा हात हातात घेणार होतो. पण तपासनीसानं एवढ्या लवकर पटवून घेणं बरं दिसत नाही. मी म्हणालो, "मीठ खरोखर आहे कशावरून?"

इथे माझ्या अंगात काय शिरलं ते मला आजही सांगता येत नाही.

गोदामाला दोन कुलपं होती. एकाची किल्ली कंपनीकडे, दुसऱ्याची सरकारी मीठ-कचेरीकडे. मी मीठ-कचेरीत अर्ज दिला. तिथल्या कारकुनानं विचारलं, "तुम्ही कोण? खातेदार? भागीदार? वारस?" मी म्हणालो, "हितचिंतक." त्यांच्याकडे हितचिंतकाचा रकाना नव्हता. त्यांनी अर्ज दुसऱ्या कचेरीकडे पाठवला. गोदाम बंदरावर आहे म्हणून त्या कचेरीनं तो बंदराच्या कचेरीकडे ढकलला, आणि बंदराच्या कचेरीनं शेरा मारला, "माल मीठ असल्याने जकात नाक्याचे मत घ्यावे." गुरुवारी सकाळी तो अर्ज माझ्याच टेबलावर येऊन पडला. "सदर अर्जदार विश्वासू आहे काय?" असा प्रश्न मला विचारलेला होता. स्वतःविषयी इतकं गंभीरपणे मी कधी विचारच केला नव्हता. बराच वेळ टाक चावून मी लिहिलं, "अर्जदारास समक्ष ओळखतो. वागणूक सर्वसाधारणपणे बरी." सर्वसाधारणपणे हा शब्द, मी अर्ज घरी नेला तेव्हा, अबीगेलनं घालायला लावला. त्या शेऱ्यावर मला परवानगी मिळाली.

इकडे गावात वेगळीच गंमत झाली होती. गंगाबाईंनी मला विचारलं होतं, "कसा काय होता चहा?" मी खरं तेच सांगितलं, "पातळ." संध्याकाळपर्यंत बातमी बाजारात गेली की, कंपनीची स्थिती पातळ आहे. रात्री ती खाडी उतरून बेलपाड्याला पोचली, आणि तिथं पोचेपर्यंत कंपनी पातळ होऊन वाहून गेलेली होती, मॅनेजर पेणच्या रस्त्याला लागला होता, आणि हे सगळं इनॉकभाऊंनी चहाच्या कपात बघून ओळखलं होतं.

शुक्रवारी गिरणीच्या जिन्यावर रांग लागली. सगळ्यांना पहिला हप्ता परत हवा होता. जिना वाकला. टिपणीस मागच्या दारानं माझ्याकडे नाक्यावर धावत आले. उशी त्यांच्या काखेत होती; गडबडीत पैशांची पेटी समजून उचललेली.

"साहेब, मी तुमचं काय वाईट केलं? तुम्ही एक शब्द बोला, कंपनी वाचेल!"

मला भयंकर वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर किंचित बरंही वाटलं. माझ्या एका शब्दावर काही वाचण्यासारखं आजवर कधी नव्हतं. मी जकातीच्या ओट्यावर उभा राहिलो आणि जाहीर केलं, "मंडळी, रविवारी गोदाम उघडून सर्वांसमक्ष मीठ मोजलं जाईल. तोवर कुणी हप्ता मागू नये, कुणी भरू नये!"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्या ऐकून महादेवरावांनी मला पंच म्हणून स्वतःचं नाव सुचवलं.

रविवारी बंदरावर जत्रा भरली. भेळवाला आला, फुगेवाला आला. मैदानात तंबू सिनेमा लावलेला जगनशेट दुपारचा खेळ सुरू करून, प्रेक्षक आत कोंडून, स्वतः इकडे मजा बघायला आला. मीठ-कचेरीचा शिपाई सुट्टीच्या दिवशी बोलावल्याबद्दल तोंड फुगवून किल्ली घेऊन आला. दोन्ही कुलपं निघाली. दार उघडलं.

दारापासून आढ्यापर्यंत पोतीच पोती. इतकी गच्च की बोट शिरायला जागा नव्हती. टिपणिसांनी नाट्यमय हात केला. "बघा!"

काशिरामनं एक पोतं हुंगलं. "मीठच हाय. चांगलं हाय." लोक परत फिरायला लागले. इथंच सगळं संपलं असतं, सगळे सुखी झाले असते. पण महादेवराव माझ्या कानाशी लागले, "ही पुढची रांग झाली. मागं भुसा नसेल कशावरून? आमच्या कचेरीत अशी प्रकरणं फार."

तपासनीसाच्या कानात शंका गेली की ती तोंडातून बाहेर पडतेच. मी म्हणालो, "सगळी पोती बाहेर काढा."

टिपणीस खाली बसले. "सगळी?"

"सगळी!" जमाव माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. उत्साह असा की हमालांची वाट कुणी पाहिली नाही. बेलपाड्याच्या मंडळींनी साखळी धरली आणि पोती उघड्यावर येऊ लागली. मी मोजत होतो, आणि हे काम मात्र मला येतं. दुपार कलेपर्यंत गोदाम रिकामं झालं आणि बंदरावर पोत्यांचा डोंगर उभा राहिला. ताळेबंदात होती तेवढी पोती निघाली, एकही कमी नाही. भुशाचं एकही पोतं नाही. टिपणिसांनी मला मिठी मारली. भेळवाल्यानं मला फुकट भेळ दिली. मी ओट्यावर चढून म्हणालो, "मंडळी, सागरलक्ष्मीची प्रकृती उत्तम आहे!"

आता पोती परत आत ठेवायची. पण बाहेर काढताना धावलेली मंडळी आत ठेवायच्या वेळी भेळ खात उभी होती. त्यांना कंपनी बरी आहे हे कळलं होतं. त्यांचं काम झालं होतं. हमाल मुकादम म्हणाला, "आमची मजुरी कोण देणार?" टिपणीस म्हणाले, "साहेबांनी काढायला लावली." मी म्हणालो, "मीठ कंपनीचं." मीठ-कचेरीचा शिपाई म्हणाला, "मी फक्त कुलूप बघतो." त्यात महादेवरावांच्या लक्षात आलं की, अर्धा डोंगर जकातीच्या हद्दीच्या दगडाच्या आत आलेला आहे. "आपटेकर, यावर जकात बसते. आणि ती घेणं तुमचं कर्तव्य आहे." मी नियमांचं पुस्तक आणायला नाक्यावर गेलो. तपासणीसाठी हद्दीत आलेला माल आयात की निर्यात, यावर आमचा तासभर फार सुंदर वाद झाला. मी दोन्ही बाजूंनी बोललो.

वादात कुणी वर बघितलं नाही. काशिरामनं बघितलं. कर्नाळ्याच्या सुळक्यावर काळा ढग बसला होता आणि खाडीकडून गार वारा सुटला होता.

"इनॉकभाऊ," तो हलकेच म्हणाला, "पाऊस येतोय."

पाऊस मुळात मिठागरांवर येणार होता, हे मला मान्य आहे. तो माझ्यामुळे आला नाही. पण पाऊस आल्यावर ज्या मिठाच्या जिवावर भरपाई द्यायची, ते मीठ मी स्वतःच्या हुकमानं उघड्यावर आणून, नीट मोजून, पावसासमोर मांडून ठेवलं होतं. टिपणिसांना हे माझ्याआधी कळलं.  ते नुसतेच त्या डोंगराकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांच्या चष्म्यावर पहिला थेंब पडला.

आणि मग काशिराम ओरडला. तो माणूस ओरडू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

"आरं बघताव काय? मिठागरं तर गेलीच! आता ह्यो आपलाच पयसा भिजतोय! झाका!"

क्षणभर कुणाला उमगलं नाही, आणि मग एकदम सगळ्यांना उमगलं. परवा गिरणीच्या जिन्यावर कंपनीच्या नावानं शंख करणारी माणसं कंपनी वाचवायला धावली. पोती आत न्यायला वेळ नव्हता. होड्यांची शिडं आली, बैलगाड्यांचे ताडपत्रीचे तुकडे आले, कुणाच्या अंगणातला मांडव खांबांसकट आला. गंगाबाई पापड वाळत घालायच्या चादरी घेऊन आल्या. काहींवर पापडही होते. अबीगेल आमच्या जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड ओढत आली आणि धापा टाकत, आम्हा बेने इस्राएलांच्या नवसाच्या पैगंबराचं नाव घेऊन म्हणाली, "एलियाहू हन्नाबीला मलिदा बोललेय मी. तेवढं मीठ वाचू दे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि माणूसही."

पण डोंगर मोठा आणि झाकण तोकडं. तेवढ्यात काशिरामची नजर मैदानातल्या तंबूवर गेली. जगनशेटचीही गेली, आणि तो मधे आडवा झाला. "खबरदार! आत खेळ चाललाय!"

बेलपाड्याच्या मंडळींनी खुंट उपटले. आत पडद्यावर नायक-नायिका झाडाभोवती गाणं म्हणत होते. छप्पर एकाएकी वर गेलं आणि आभाळ दिसू लागलं, तेव्हा प्रेक्षकांना वाटलं, हाही सिनेमातलाच देखावा. त्यांनी शिट्ट्या मारल्या. मग अंगावर पाणी आलं आणि अख्खं थिएटर तंबूच्या मागे, पैसे परत मागत, बंदरावर धावत आलं. तिथं आल्यावर बघतात तो डोंगराला तंबू घालायला माणसं कमी. मग तेही दोऱ्या धरून उभे राहिले. पैसे परत मागणं आणि दोरी ओढणं दोन्ही एका वेळी चाललं होतं.

जगनशेटच्या तंबूची एक खोड होती. फुकट सिनेमा बघणाऱ्यांनी त्याला ठिकठिकाणी भोकं पाडली होती. डोंगरावर तंबू चढला, तर प्रत्येक भोकातून धार सुरू. काशिराम वर चढला आणि एका भोकावर पाठ टेकून बसला. दुसऱ्यावर महादेवराव. तिसऱ्यावर टिपणीस आपली मखमली उशी घेऊन. मग खालून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी चढलो. सर्वांत मोठं भोक शिल्लक ठेवलेलं होतं. त्यावर मी, जकात खात्याचा कारकून इनॉक आपटेकर, अख्ख्या पनवेलच्या देखत बूच म्हणून बसलो. वरून पाऊस, खाली मीठ. माझ्या आयुष्यात लोकांनी इतक्या आपुलकीनं माझ्याकडे कधी पाहिलेलं नाही. "इनॉकभाऊ, हलू नका!" "जरा डावीकडं!" "शाब्बास!" महादेवराव शेजारच्या भोकावरून म्हणाले, "आपटेकर, आता जकातीचं बघू नंतर." पाऊस थांबला तेव्हा मला उठता येईना. चौघांनी मला उचलून खाली उतरवलं आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. माझ्या पाठीवर आठवडाभर तंबूच्या शिवणीची नक्षी होती.

खालच्या थरातली थोडी पोती विरघळली. बाकी डोंगर कोरडा निघाला. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांनी मिळून, मुकादमाला न विचारता, तो परत गोदामात रचला.

त्या पावसानं खाडीकाठची सगळी मिठागरं धुऊन नेली. बेलपाड्यात एक घर सुटलं नाही. आणि टिपणिसांनी सांगितलं होतं अगदी तस्सं झालं. मिठाचा भाव चढला, कंपनीनं आपली पोती विकली आणि ज्यानं पहिला हप्ता भरला होता त्या प्रत्येकाला भरपाई दिली. जगनशेटला तंबूचं भाडं मिळालं. गंगाबाईंना पापडांचे पैसे मिळाले. त्यांनी त्यात खारट झालेल्या पापडांचेही वेगळे लावले.

वैशाखात रंभीचं लग्न झालं. काशिरामनं आम्हा दोघांना पहिल्या पंगतीला बसवलं. त्याआधीच्या आठवड्यात अबीगेलनं बोललेला मलिदा केला होता, गूळ-खोबऱ्याचे पोहे, फळं आणि सगळं. त्याला अख्खं बेलपाडं होडीतून आलं होतं, तेव्हा आता परतफेड करणं काशिरामला भागच होतं. पंगतीत माझ्या शेजारी टिपणीस होते. मला एकाएकी त्यांची माफी मागावीशी वाटली. जिलबीचा घास हातातच ठेवून मी म्हणालो, "टिपणीस, झालं गेलं विसरून जा."

"छे छे! विसरून कसं चालेल?" ते खुशीत होते. "साहेब, तुमच्यामुळे आम्ही शहाणे झालो. पुढल्या वर्षीपासून पॉलिसीत एक कलम वाढवतोय. अवकाळी पाऊस, उधाण, वादळ, आणि हितचिंतकांनी केलेली तपासणी. चारीपासून संरक्षण. शेवटच्याचा हप्ता थोडा जास्त आहे, पण मागणी फार."

 बायकांच्या पंगतीतून अबीगेलनं हे ऐकलं होतं. ती पदर सावरून पुढे झुकली.

"टिपणीसभाऊ, ते शेवटचं कलम घरासाठी घेता येतं का हो?"

टिपणिसांनी चष्मा पुसून परत चढवला. मला डोक्यापासून पायापर्यंत, धंदेवाईक नजरेनं, सावकाश न्याहाळलं. मनात काही आकडेमोड केली. मग दोन्ही हात जोडून ते म्हणाले,

"नाही वहिनी. एवढी जोखीम कंपनीला झेपायची नाही."